व्ही-क्रॉस २.५ डिझेलला नायट्रस: स्टॉक इंजिन किती झेलेल?

माजिवडा_पिकअप

नमस्कार मंडळी. गाडी इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २.५ लिटर डिझेल, बीएस-४, एमएच-०४ पासिंग. इंजिन पूर्ण स्टॉक: टर्बो कंपनीचा, इंजेक्टर कंपनीचे, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) हात लावलेला नाही. कागदावर १३४ पीएस आणि ३२० न्यूटन-मीटर.

बंद ट्रॅकवरच्या ड्रॅगसाठी (सरळ, छोट्या अंतराची शर्यत) नायट्रस (नायट्रस ऑक्साइड, इंजिनाला जास्तीचा ऑक्सिजन देणारा गॅस) बसवायचा विचार आहे. पेट्रोल गाड्यांसाठी बनवलेलं एक वेट किट (गॅसबरोबर इंधनही फवारणारं) समोर आहे. त्यात साडेचार किलोची बाटली, दोन सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपा (एक गॅसचा, एक इंधनाचा), एक नॉझल, जेटचा (प्रवाह ठरवणाऱ्या बारीक छिद्रांचा) संच आणि स्टीलच्या जाळीचा पाइप आहे. विचारायचं ते असं:

३५ पीएसचा शॉट (गॅसने मिळणारी भर) स्टॉक इंजिन झेलेल का? नॉझल नेमका कुठे बसवायचा? बाटली मागे हौद्यात ठेवली तर एप्रिल-मेच्या उन्हात काय होईल? गाडीत अधूनमधून माल असतो आणि घोडबंदरला गायमुखचा चढ चढताना दम लागतो, तिथे याचा उपयोग होईल का? आणि आरटीओ, विमा यांचं काय?

रबाळे_डिझेल

पेट्रोल इंजिनात ताकद हवेवर ठरते. थ्रॉटल जेवढी हवा सोडेल त्या मापाने इंधन जातं. डिझेलात उलट आहे. हवा येईल तेवढी येते, आणि ताकद ठरते ती इंजेक्टर किती डिझेल सोडतो त्यावर. नायट्रस स्वतः जळत नाही. सिलिंडरमधल्या उष्णतेने त्याचा रेणू फुटू लागतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. एवढाच त्याचा फायदा, पण तो फायदा घ्यायला जळण्यासारखं डिझेल समोर हवं.

तुमच्या स्टॉक इंजिनात ते नाही. कंपनी धूर आणि टर्बोचं तापमान आटोक्यात ठेवण्यासाठी फुल लोडलाही डिझेलच्या गरजेपेक्षा साधारण २० ते ४० टक्के हवा जास्त ठेवते. म्हणजे सिलिंडरमध्ये ऑक्सिजन आधीच उरतो. त्यात आणखी ऑक्सिजन ओतला तर हाती येतं ते थोडंसं: नायट्रस उणे ८८ अंशांना उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा गार होते, डिझेल जरा लवकर आणि जरा पूर्ण जळतं. त्यातून ३५ पीएस निघत नाहीत.

आकडा मांडून बघा. ३५ पीएस म्हणजे सुमारे २६ किलोवॅट. एका किलोवॅट-तासाला २३० ग्रॅम डिझेल धरलं तर सेकंदाला १.६ ते १.७ ग्रॅम डिझेल जास्त लागेल. तुमचं इंजिन १३४ पीएसला सेकंदाला सव्वासहा ग्रॅमच्या आसपास पितं. म्हणजे इंधनात २५ टक्क्यांची वाढ. हे जास्तीचं डिझेल कुठून येणार? किटमधून येत नाही आणि स्टॉक ईसीयूही देत नाही. एअरफ्लो सेन्सर एअर फिल्टरजवळ असतो, नॉझल त्याच्या बराच पुढे. गॅसमधून किती ऑक्सिजन आला हे ईसीयूला कळतच नाही. टर्बो भरायच्या आधी, कमी आरपीएमला, जिथे हवा खरोखर अपुरी असते, तिथेही ईसीयूची धूर-मर्यादा एअरफ्लो आणि बूस्टच्या (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाच्या) आकड्यांवरून डिझेल दाबून धरते. बाहेरच्या देशांत जुन्या, पंपाच्या डिझेल ट्रकांवर नायट्रसने प्रचंड फरक पडतो असं वाचलं असेल. ते खरं आहे, कारण त्या गाड्यांचे पंप आधीच खूप वाढवलेले असतात आणि एक्झॉस्टमधून काळा धूर निघत असतो. तिथे नायट्रस तो धूर जाळतो. तुमच्या गाडीत जाळायला धूर नाही.

म्हणून क्रम असा: आधी डिझेल, मग गॅस. रिमॅप (ईसीयूतले इंधनाचे आकडे बदलणं) नसेल तर किट घेऊच नका.

गायमुखच्या चढासाठी तर नाहीच. ३५ पीएसला नायट्रस साधारण सेकंदाला १५-१६ ग्रॅम जातो (एक किलो डिझेल पूर्ण जाळायला नऊ किलोपेक्षा थोडा जास्त नायट्रस लागतो, हिशोब तिथूनच आला). साडेचार किलोच्या बाटलीत द्रवरूपात कामाचा माल सुमारे ८० टक्के. म्हणजे पावणेचार मिनिटांत बाटली संपली. वाघबीळपासून रांगेत उभे राहून चढाला लागेपर्यंत गाडी तापलेली असते, तिथे गॅस सोडणं म्हणजे आधीच गरम असलेल्या पिस्टनवर आणखी उष्णता. मालासाठी दम कमी पडत असेल तर बूस्टची गळती बघा. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा गार करणारा रेडिएटर) दोन्ही टोकांचे रबरी पाइप काढा, एक टोक बंद करून कंप्रेसरने एक ते सव्वा बार हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी टाका. क्लॅम्प ढिला असणं, पाइपच्या आतला थर सुटून फुगणं, इंटरकूलरची प्लास्टिकची टाकी चिरणं हे नेहमीचे दोष. मग एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, ईजीआर वाल्व (एक्झॉस्टचा काही भाग परत इनटेकमध्ये सोडणारा) पूर्ण बंद होतो का, आणि टर्बोच्या आतल्या पात्या काजळीने अडकल्यात का. यातलं एक जरी बरोबर नसेल तर १३४ पैकी २०-२५ पीएस सहज गायब असतात, आणि ते परत मिळवायला कुठलीही बाटली लागत नाही.

कळवा_फिटर

वरच्या उत्तराला एकच जोड, पण महत्त्वाची. ते पेट्रोलचं वेट किट आहे. त्यातला इंधनाचा सोलेनॉइड आणि नॉझलची इंधनाची बाजू डिझेलवर वापरायची नाही. पेट्रोल इंजिनात हवेबरोबर मिसळलेलं इंधन स्पार्क पडेपर्यंत थांबतं. डिझेलात इनटेकमधून आलेलं कुठलंही इंधन, पेट्रोल असो, एलपीजी असो की डिझेलची फवार, पिस्टन वर येता येता स्वतःच पेटू शकतं, टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या बिंदूच्या) आधी. वर जाणाऱ्या पिस्टनवर तो दाब उलटा बसतो आणि रॉड वाकतो. त्यात नायट्रस असेल तर वाकण्यावर थांबत नाही. डिझेलला फक्त ड्राय नॉझल (नुसता गॅस सोडणारा). इंधनाचं तोंड प्लगने कायमचं बंद करा किंवा सिंगल-तोंडाचा नॉझल घ्या.

माजिवडा_पिकअप

रिमॅप करायची तयारी आहे. इंधन १५-२० टक्के वाढवून मग नायट्रस, असं धरलं तर कुठल्या आरपीएमपासून सोडायचा? टर्बो लवकर भरावा म्हणून १८००ला सोडला तर चालेल ना?

रबाळे_डिझेल

१८००ला अजिबात नको. स्टॉक रॉड आणि हेड गॅस्केट बहुतेक इथेच जातात.

सोलेनॉइड उघडला की नायट्रस सेकंदाला ठरलेल्या मापाने वाहतो, इंजिन कितीही फिरत असो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकमध्ये १८०० आरपीएमला सेकंदाला ६० पॉवर-स्ट्रोक होतात, ३६००ला १२०. म्हणजे १६ ग्रॅमचा प्रवाह १८००ला प्रत्येक स्ट्रोकला ०.२७ ग्रॅम पडतो आणि ३६००ला ०.१३. दर स्ट्रोकला डोस दुप्पट. टॉर्कच्या भाषेत तेच: ३५ पीएसची भर १८००ला १३७ न्यूटन-मीटर होते, ३०००ला ८२, ३६००ला ६८. स्टॉक इंजिनाचा ३२० न्यूटन-मीटरचा पट्टा १८०० ते २८०० असा आहे, म्हणजे १८००ला बेरीज ४५० च्या वर जाते. कंपनीची क्लच प्लेट तिथे घसरेल, आणि ती घसरली नाही तर आणखी वाईट, कारण मग सगळा भार रॉड आणि हेड बोल्टवर येतो. उलट ३६००ला स्टॉक टॉर्क २६० च्या आसपास उतरलेला असतो. त्यात ६८ मिळवले तरी ३३० होतात. म्हणजे कंपनीच्या सर्वोच्च आकड्यापेक्षा जेमतेम वर. इंजिनाच्या खालच्या भागाला हा भार ओळखीचा आहे.

म्हणून स्टॉक इंटर्नलसाठी (पिस्टन, रॉड कंपनीचेच असताना) खिडकी ३००० ते ३७०० ठेवा. त्याच्या खाली नाही, गव्हर्नर डिझेल तोडायला लागतो त्याच्या वर नाही. गिअर बदलताना बंद. टर्बो लवकर भरण्यासाठी नायट्रस वापरतात हे खरं, पण ती फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत) रॉड आणि हेड स्टड टाकलेल्या इंजिनांची गोष्ट आहे.

आणखी एक. नायट्रसने डिझेलचा इग्निशन-डिले (फवारल्यापासून पेटेपर्यंतचा वेळ) कमी होतो, जळण लवकर सुरू होतं, आणि सर्वोच्च दाब टीडीसीच्या जवळ सरकतो. तोच टॉर्क असला तरी गॅस्केटवर जास्त जोर येतो. रिमॅप करणाऱ्याला हे आधी सांगा. नायट्रसच्या मॅपमध्ये मुख्य इंजेक्शन एक-दोन अंश मागे घ्यायचं, पुढे न्यायचं नाही. बरेच जण ताकदीसाठी टायमिंग पुढे नेतात, ते या जोडीत घातक आहे.

रिमॅपलाही मर्यादा आहे. ३६०० आरपीएमला स्टॉक इंजेक्टरकडे वेळ फार कमी असतो. ड्युरेशन वाढवून वाढवून २५ टक्के डिझेल दिलं तर शेवटचा भाग पिस्टन खाली गेल्यावर पडतो, सिलिंडरमध्ये काम न करता एक्झॉस्टमध्ये जळतो आणि टर्बो तापवतो. १५ टक्क्यांवर थांबा. मिळणारी भर ३५ ऐवजी २०-२२ पीएस असेल, आणि जेटही तेवढाच: सेकंदाला ९-१० ग्रॅम. हा आकडा ऐकायला कमी वाटतो, पण स्टॉक गॅस्केटवर टिकतो.

एक्झॉस्ट-तापमानाचा मीटर लावल्याशिवाय सुरुवातही करू नका. थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) के-टाइप, मॅनिफोल्डमध्ये टर्बोच्या आधी. टर्बोनंतर लावला तर फुल लोडला १०० अंशांहून जास्त कमी दाखवतो आणि खोटा दिलासा देतो. मॅनिफोल्ड उतरवून ड्रिल करा, बिडाचा कीस टर्बोच्या पात्यांवर जाऊ देऊ नका. सलग ७०० अंश ही ॲल्युमिनियमच्या पिस्टनची मर्यादा समजा. काही सेकंद ७५० चालतं. त्याच्या वर गॅस आणि पाय दोन्ही काढा.

कळवा_फिटर

नॉझलच्या जागेबद्दल. इंटरकूलरनंतर, इनटेक शटरच्या २० ते ३० सेंटिमीटर आधी, ॲल्युमिनियमच्या पाइपात. रबरी पाइपात नको, गारठून चिरतो. ईजीआरचं तोंड जिथे येतं त्याच्या आधी असावा, म्हणजे काजळी नॉझलवर बसत नाही. नॉझलचं तोंड हवा वाहते त्या दिशेला, वाकणाच्या लगेच आधी नको, नाहीतर एकाच सिलिंडरला जास्त गॅस जातो.

टर्बोच्या आधी नॉझल लावायची कल्पना कुणी देईल. ऐकू नका. द्रव थेंब कंप्रेसरच्या पात्यांवर आदळतात, आणि पुढे इंटरकूलरच्या तळाशी ब्रीदरचं (क्रँककेसमधून वाफेबरोबर येणारं) तेल साचलेलं असतंच. तेलाची फिल्म आणि नायट्रस एका बंद डब्यात एकत्र आणायचे नाहीत. नॉझल इंटरकूलरनंतर असला तरी इंटरकूलर उतरवून आतून डिझेलने आणि मग साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. ब्रीदरला कॅच-कॅन (तेल अडवणारा डबा) लावा, पण त्याचा वायुमार्ग अरुंद करू नका, नाहीतर क्रँककेसचा दाब वाढून तेलाचे सील फुटतात.

पाइपाबद्दल नीट वाचा. रबाळे-तुर्भेच्या पट्ट्यात हायड्रॉलिक होज दाबून देणारी दुकानं आहेत आणि कामही चांगलं करतात, पण तो होज इथे चालत नाही. आत रबर असतं आणि जवळजवळ नेहमी तेलाचा अंश. टेफ्लॉन अस्तराचा, वर स्टीलची जाळी असलेला, नायट्रससाठी असलेलाच पाइप घ्या. फ्लेअर फिटिंग धातूवर धातू बसून सील होतं, त्याला काहीही लावायचं नाही. टेफ्लॉन टेप तर नाहीच. टेपचा एक धागा सोलेनॉइडच्या सीटमध्ये गेला की तो बंद होत नाही, आणि गॅस गाडी बंद असताना आत झिरपत राहतो. टेपर आट्यांनाच फक्त ऑक्सिजनसाठी मान्य असलेली पेस्ट, तीही पहिले दोन आटे सोडून. ग्रीस, डब्ल्यूडी-४०, इंजिन ऑइल यांचा हातही या फिटिंगना लागू देऊ नका.

बसवायच्या आधी इंजिनाची तब्येत. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांपासून १० टक्क्यांच्या आत हवं. स्कॅनरवर इंजेक्टरचं करेक्शन बघा, एखादा वेगळा दिसला तर रिटर्न-फ्लोची टेस्ट करा. गळका इंजेक्टर नायट्रसबरोबर पिस्टनला भोक पाडतो. फुल लोडनंतर रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक होत असेल तर गॅस्केट आधीच श्वास घेतंय. ते न बदलता पुढे जाऊ नका. हेड बोल्ट एकदा ताणलेले असतील तर परत आवळून उपयोग नाही, नवेच घ्या.

नेरूळ_वायरमन

वायरिंगचा भाग माझ्याकडे. सोलेनॉइड थेट स्विचवर चालवू नका. ३० अँपियरचा रिले, बॅटरीपासून स्वतंत्र वायर २.५ स्क्वेअर मिलिमीटरची, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एक वीतभर अंतरावर फ्यूज. फ्यूजचा आकडा सोलेनॉइडच्या पाटीवरच्या करंटपेक्षा थोडाच वर. अर्थ बॉडीला न देता बॅटरीच्या निगेटिव्हला. कॉइलला समांतर एक डायोड उलटा लावा, १एन५४०८ पुरतो. तो नसेल तर कॉइल सुटताना येणारा झटका आरपीएम-स्विच जाळतो.

रिलेच्या कॉइलच्या मार्गात या सगळ्या गोष्टी एकापाठोपाठ एक हव्यात, म्हणजे एक जरी तुटली तरी गॅस बंद:

झाकणाचा मास्टर स्विच, ३०००-३७०० चा आरपीएम विंडो-स्विच, ॲक्सिलरेटर ९० टक्क्यांच्या वर असल्याचा सिग्नल, बूस्ट प्रेशर-स्विच, एक बारच्या वरच जुळणारा, क्लच-पेडलचा स्विच, आणि एक्झॉस्ट-तापमानाच्या मीटरचा अलार्म-आउटपुट ७५० ला तुटणारा.

व्ही-क्रॉसचं पेडल इलेक्ट्रॉनिक आहे, त्यात दोन सेन्सर उलट तपासणीसाठी असतात. त्यातल्या एका वायरला ओढून टॅप मारला तर ईसीयू लिंप मोडमध्ये (ताकद तोडून जेमतेम चालण्याच्या स्थितीत) जातो. सिग्नल वेगळ्या हाय-इम्पीडन्स मॉड्यूलने घ्या किंवा पेडलच्या खाली साधा मायक्रोस्विच लावा. मायक्रोस्विच दिसायला साधा, पण तो ईसीयूला अजिबात धक्का लावत नाही. बूस्टची अट पण सोडू नका. पाइप निसटला आणि बूस्ट गेला तर तिथे नुसतं जास्त डिझेल आणि गॅस उरतो.

माजिवडा_पिकअप

छान, टिपून घेतलं. उन्हाचं आणि सोलेनॉइड चिकटण्याचं सांगा. बाटली हौद्यात ठेवली तर आणि केबिनमध्ये ठेवली तर?

रबाळे_डिझेल

केबिनमध्ये नको. सेफ्टी डिस्क फुटली की साडेचार किलो गॅस काही सेकंदांत बाहेर पडतो, आणि बंद केबिनमध्ये श्वासाला हवा उरत नाही. हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड आहे, त्यामुळे गॅरेजच्या पिटमध्येही साचतो. गाडी पिटवर उभी करून गळती शोधायची नाही.

हौद्यात चालेल, पण उघड्यावर नाही. बाटलीतला दाब तापमानावर ठरतो, किती माल उरलाय यावर नाही (द्रव शिल्लक आहे तोपर्यंत). २० अंशांना ५० बार, ३० ला ६३, ३५ ला ७० च्या आसपास. आणि ३६.४ अंशांना क्रिटिकल बिंदू: त्याच्या पुढे द्रव आणि वायू हा फरकच राहत नाही. ठाण्यात मे महिन्यात उन्हात उभ्या हौद्याचा पत्रा याच्या खूप वर तापतो. भरलेल्या बाटलीचा दाब मग झपाट्याने चढतो. सर्वसाधारण बाटलीची सेफ्टी डिस्क २०० बारच्या आसपास फुटते, आणि जास्त भरलेली बाटली तिथे अपेक्षेपेक्षा लवकर पोहोचते. म्हणून भरून आणल्यावर स्वतः वजन करा, पाटीवरच्या वजनापेक्षा जास्त असेल तर परत करा.

हवेशीर, पांढऱ्या रंगाची पेटी करा, तळाशी भोकं ठेवा, डिस्कचा निकास पाइपने खाली जमिनीकडे न्या. बाटली दोन स्टीलच्या पट्ट्यांनी, बोल्ट हौद्याच्या पत्र्यातून खालच्या क्रॉस-मेंबरला. पत्र्याला नुसते स्क्रू नकोत. झडप पुढे आणि थोडी वर, १५ अंशांचा उतार, लेबल वर: सायफन-नळीचं (बाटलीतला द्रव उचलणाऱ्या नळीचं) तोंड मग मागच्या खालच्या कोपऱ्यात येतं, आणि गाडी सुटताना द्रवही तिथेच सरकतो. उलटी लावली तर ऐन धावेत नळीला वायू मिळतो.

इकडच्या हवेत बाटली गरम करायचा हीटर लागत नाही. उलट उन्हाळ्यात ओलं गोणपाट लागतं. दाब ६० ते ६५ बारमध्ये आला की सोडा, ७० च्या वर असेल तर थांबा. पहाटे ५० आणि दुपारी ७० बारला तोच जेट वेगळा प्रवाह देतो, मग कालचे आकडे आज जुळत नाहीत. बर्नरने, उकळत्या पाण्याने बाटली तापवण्याचा विचारही नको.

जेट तपासायला डायनो (ताकद मोजणारं यंत्र) लागत नाही. नॉझल पाइपातून काढा, मोकळ्या जागी घट्ट बांधा, बाटलीचं वजन करा, सोलेनॉइड १० सेकंद उघडा, पुन्हा वजन करा. ९५ ग्रॅम कमी झाले तर सेकंदाला साडेनऊ. तक्त्यावर विसंबू नका, तक्ता वेगळ्या दाबासाठी छापलेला असतो.

आता चिकटलेला सोलेनॉइड. धोका गाडी चालू असताना कमी, बंद असताना जास्त. गॅस झिरपून इनटेकमध्ये आणि उघड्या वाल्वच्या सिलिंडरमध्ये साचतो. मग चावी फिरवली की पहिल्या इंजेक्शनला तिथे शुद्ध ऑक्सिडायझर असतो. मॅनिफोल्ड फुटतो किंवा हेड उचलतं. म्हणून धाव संपली की बाटलीची झडप हाताने बंद, मग पाइपातला गॅस पर्ज वाल्वने बाहेर सोडून गेज शून्यावर. झडप उघडताना हळू, पाव आटा, गेज स्थिर झाल्यावर पूर्ण. गाडी सुरू करण्याआधी गेजकडे बघा. झडप बंद असूनही गेज शून्याच्या वर दिसला किंवा इनटेकजवळ फुसफुस ऐकू आली, तर चावीला हात लावायचा नाही. शटरच्या आधीचा पाइप काढा, अर्धा तास मोकळा ठेवा, इंजेक्टरचे कनेक्टर काढून स्टार्टरने १०-१५ सेकंद फिरवा, मग जोडा.

सीबीडी_फाइल

कायद्याचं सांगतो, कारण इथे लोक अर्धवट ऐकून फसतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवर नोंदलेले तपशील आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२ए(४) प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आरटीओत नायट्रस नोंदवून घ्यायचा मार्ग नाही. याचा अर्थ किट बसवलेली गाडी पाम बीचवर, घोडबंदरला, कुठेच रस्त्यावर चालवायची नाही. ट्रॅकवर ट्रेलरवरून न्यायची. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी सापडला तर नकाराला तेवढं कारण पुरतं.

बाटली हा वेगळा विषय आहे. गॅस सिलिंडर नियम २०१६ लागू होतात आणि अंमल पेसोचा (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था), त्यांचं कार्यालय सीबीडी बेलापूरच्या सीजीओ कॉम्प्लेक्समध्येच आहे. मान्यता नसलेला आयात सिलिंडर इथे भरता येत नाही, मग तो परदेशात कितीही प्रमाणित असो. किट घेण्याआधी बाटलीवरचे शिक्के आणि शेवटच्या हायड्रो-टेस्टची तारीख बघा. आणि वैद्यकीय नायट्रस, निळ्या सिलिंडरचा, रुग्णालयांसाठी असतो. तो मागच्या दाराने मिळवायच्या फंदात पडू नका. मोटारींसाठीच्या गॅसमध्ये हुंगला जाऊ नये म्हणून थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो.

जिप्सी_खारघर

इथेच विचारतो, १.३ पेट्रोल जिप्सी एमपीएफआय असेल तर हिशोब बदलतो का?

कळवा_फिटर

पूर्ण बदलतो. तिथे वेट किटच हवं, कारण जीव घेतं ते लीन मिक्स्चर (इंधन कमी पडलेलं मिश्रण). २५ पीएसच्या वर जाऊ नका, पिस्टन कास्ट आहेत. टायमिंग एक-दोन अंश मागे, प्लग एक पायरी थंड, गॅप ०.७ मिलिमीटर, पेट्रोल ९५ ऑक्टेन किंवा वर. फुल थ्रॉटल आणि ३००० आरपीएमच्या वरच. इंधनाच्या रेलवर प्रेशर-स्विच लावा, दाब पडला की गॅस तुटला पाहिजे. पंप जुना असेल तर आधी तो बदला. धावेनंतर इंजिन लगेच बंद करून प्लग काढा: पोर्सेलिनवर बारीक चकाकणारे ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, इंधनाचा जेट एक नंबर मोठा करा आणि तोवर गॅस सोडू नका.

माजिवडा_पिकअप

ठरलं. आधी बूस्टची गळती आणि इंजेक्टरची टेस्ट, मग तापमानाचा मीटर. किट तूर्त घेत नाही, त्या बाटलीवर इथल्या मान्यतेचा शिक्का नाही. डायनोवर रिमॅपनंतर धूर कसा मोजायचा? पीयूसीची चाचणी पुरेल?

रबाळे_डिझेल

पुरणार नाही. पीयूसीत गाडी उभी असते, फ्री ॲक्सिलरेशनला के-व्हॅल्यू, म्हणजे धुराची दाटता, घेतात (बीएस-४ डिझेलला मर्यादा १.६२). त्यात इंजिनावर भारच नसतो, मॅप किती डिझेल देतोय ते दिसत नाही. डायनोवर चौथ्या गिअरमध्ये २००० ते ३७०० ची धाव घ्या आणि एक्झॉस्टला वाइडबँड लॅम्डा सेन्सर लावा (लॅम्डा म्हणजे हवा गरजेच्या किती पट आहे ते, १.२ म्हणजे २० टक्के जास्त). धूर डोळ्यांनी करडा दिसायला लागतो तो साधारण लॅम्डा १.२ च्या खाली. ३००० च्या वर १.१५ ते १.२ आणि तापमान ७०० च्या आत असेल तर १० ग्रॅमच्या जेटला काम मिळेल, आणि गॅस सुटल्यावर लॅम्डा वर सरकताना दिसेल. १.३ च्या वर असेल तर मॅपमध्ये अजून डिझेल नाही. २००० ते २५०० मध्ये मात्र १.२५ च्या खाली जाऊ देऊ नका, तिथे गॅस नसतो आणि रस्त्यावर गाडी त्याच पट्ट्यात चालते. प्रत्येक धावेआधी कूलंट ८५-९० अंशांवर, समोर मोठा पंखा, आणि दोन धावांमध्ये एक्झॉस्ट ३०० च्या खाली येईपर्यंत इंजिन आयडलला ठेवा.